रिकामी खुर्ची: पोज देऊन काढलेल्या एका फोटोवरच्या अभिप्रायाचे प्रकरण

पार्श्वभूमी

इंदूरच्या राजेंद्र नगरात एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही अकरा जण महिन्यातून दोन रविवारी सकाळी जमतो आणि आपापल्या फोटोंवर बोलतो. कोणी निवृत्त आहे, कोणी बँकेत आहे, एक जण दंतवैद्य आहे, एक काका तरुणपणी चित्रकला शिकलेले आहेत. इंदूरला चित्रकलेची परंपरा जुनी आहे. देवळालीकर मास्तरांनी १९२७ मध्ये येथे चित्रकलेची शाळा सुरू केली आणि बेंद्रे, हुसेन, डी. जे. जोशी यांच्यासारखे चित्रकार त्यांच्या हाताखाली तयार झाले. काका त्या परंपरेतल्या शिक्षकांकडून शिकले असल्यामुळे कोणाच्याही व्यक्तिचित्रात ते आधी हात पाहतात आणि मग चेहरा. या बैठकांचे संयोजन गेली सहा वर्षे माझ्याकडे आहे, म्हणून पुढे जे घडले त्याची जबाबदारीही प्रथम माझी आहे.

आमच्या बैठकीचा एक नियम होता. प्रिंट फळीवर लागली की सर्वांचे बोलून होईपर्यंत फोटो काढणाऱ्याने गप्प राहायचे. हा नियम मीच आणला होता आणि त्यामागे कारण होते. सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येक जण आपल्या फोटोची कैफियत मांडत बसे, कॅमेरा कसा बिघडला, ऊन कसे गेले, हे ऐकण्यात अर्धा तास जाई आणि फोटो बाजूला राही. गप्प राहण्याच्या नियमाने ती खोड मोडली. निसर्गचित्रे, रस्त्यावरचे फोटो, सराफ्यातल्या रात्री यांच्या बाबतीत तो चांगला चाललाही. पोज देऊन काढलेल्या व्यक्तिचित्राच्या बाबतीत, म्हणजे समोरच्याला सांगून, बसवून किंवा उभे करून काढलेल्या फोटोच्या बाबतीत, तो कुठे कमी पडतो हे या प्रकरणात कळले.

प्रकरणातील आजी आणि त्यांचा नातू या दोघांच्या संमतीने हे लिहीत आहे. नावे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

त्या रविवारी काय झाले

नातू चोवीस वर्षांचा आहे, एका कार्यालयात हिशेबाचे काम करतो आणि वर्षभरापासून मंडळात येतो. श्रावणातल्या एका रविवारी त्याने बारा बाय अठरा इंचांची एक प्रिंट आणली. माहेश्वरी लुगड्यातल्या एकोणऐंशी वर्षांच्या आजी भिंतीपुढे ताठ उभ्या आहेत, नजर थेट कॅमेऱ्यात आहे, ओठ मिटलेले आहेत आणि उजवा हात शेजारच्या लाकडी खुर्चीच्या पाठीवर आहे. खुर्ची रिकामी आहे. फोटोत याहून अधिक काही नाही.

बोलायला सुरुवात झाली आणि पाच मिनिटांत पुढील गोष्टी बोलून झाल्या: पोज फार ताठ आहे; फोटो जुनाट वाटतो; आजी घाबरल्यासारख्या दिसतात, त्यांना जरा हसवायला हवे होते; चष्म्यात खिडकी दिसते; आजी खुज्या दिसतात; अशा फोटोत जिवंतपणा येत नाही, गप्पा मारता मारता काढायला हवा होता. एका सभासदाने मोबाइलवर अमेरिकन छायाचित्रकार मॅन रे यांनी काढलेले यशवंतराव होळकर आणि संयोगिताराजे यांचे फोटो दाखवले. इंदूरचे महाराज आणि महाराणी त्यांत खेळकर आणि मोकळे दिसतात. ‘बघा, राजेराण्याही किती सहज बसतात,’ असे तो म्हणाला आणि दोघे-तिघे हसले. हसण्यात दुष्टावा नव्हता. पण ज्याची आजी फळीवर उभी होती त्याला ते कसे ऐकू आले असेल याचा विचार कोणी केला नाही.

शेवटी मी बोलले. माझे वाक्य मला जसेच्या तसे आठवते, कारण नंतर ते मी अनेकदा आठवले: ‘एवढ्या वयाच्या बाईंना उभं कशाला केलंस? खुर्ची तर शेजारीच रिकामी आहे.’

नियमाप्रमाणे आता नातवाची बोलण्याची पाळी होती. तो ‘ठीक आहे, ताई’ एवढेच म्हणाला, त्याने प्रिंट गुंडाळली आणि चहाला न थांबता गेला. पुढचे दोन रविवार तो आला नाही.

अडचण नेमकी कोणती होती

प्रथम मला वाटले की अडचण सुराची आहे. आम्ही जरा कठोर बोललो, गोड बोललो असतो तर निभावले असते. मंडळातल्या काहींचे मत अजूनही तेच आहे. मला ते पटत नाही, कारण तीच वाक्ये आम्ही कितीही मवाळपणे म्हटली असती तरी ती चुकीच्याच गोष्टीबद्दल राहिली असती.

पोज देऊन काढलेल्या फोटोत दोन माणसांचा करार असतो. कसे उभे राहायचे, काय नेसायचे, कुठे पाहायचे, काय दाखवायचे आणि काय झाकायचे, हे काढणारा आणि काढून घेणारा या दोघांनी मिळून, कधी बोलून तर कधी न बोलता, ठरवलेले असते. रस्त्यावरच्या फोटोत समोरचा माणूस आपल्याला सापडलेला असतो, पण इथे तो स्वतःहून, तयारी करून कॅमेऱ्यापुढे आलेला असतो. म्हणून अशा फोटोत दिसणाऱ्या गोष्टी दोन प्रकारच्या असतात: काही ठरवलेल्या आणि काही राहून गेलेल्या. ताठ उभे राहणे ठरवलेले असू शकते आणि चष्म्यातली खिडकी बहुधा राहून गेलेली असते. आम्ही दोन्ही एकाच ओळीत बसवल्या. जे ठरवले होते त्याला दोष म्हटले, आणि जे खरोखर राहून गेले होते ते त्या गलक्यात इतके बुडाले की त्याचा नातवाला काही उपयोग झाला नाही.

विचारात घेतलेले पर्याय

दुसरा रविवारही रिकामा गेल्यावर मी काका आणि दंतवैद्य सभासद यांच्याशी बोलले. दंतवैद्यांचे म्हणणे असे की काही करू नये. टीका सोसण्याची सवय ज्याला लागत नाही त्याने आपला मार्ग पाहावा, आणि आपण मागे धावलो तर पुढे कोणी खरे बोलणार नाही. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. खोटी स्तुती सुरू झाली की असे मंडळ वर्षभरात मोडते, हे मी दुसरीकडे पाहिले आहे.

मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर सर्वांच्या वतीने क्षमा मागावी असा दुसरा विचार आला. तो मी सोडला, कारण तसे केले असते तर नातवाचे दुखणे अकरा जणांपुढे पुन्हा मांडले गेले असते आणि प्रत्येकाने त्याखाली हात जोडलेले चित्र टाकण्यापलीकडे काही झाले नसते. काकांनी सुचवले की फोटोतील तांत्रिक उणिवा एका कागदावर नीट लिहून त्याला पाठवाव्यात. बोलण्यात जे सांडले ते लेखनात सावरेल. हा पर्याय मला बराच काळ योग्य वाटत होता. पण कागद लिहायला बसले तेव्हा पहिल्याच ओळीला अडले. ‘खुर्ची’ असे लिहिले आणि पुढे काय लिहावे ते कळेना, कारण ती खुर्ची तिथे का होती हे मला ठाऊकच नव्हते आणि मी ते विचारलेही नव्हते.

तेव्हा त्याला भेटून आधी विचारायचे आणि मग जे वाटते ते सांगायचे, हा मार्ग उरला. मी फोन केला. तो जरा अवघडला, मग म्हणाला, ‘ताई, घरीच या. आजीच म्हणते आहे, या म्हणून.’

घरी जे पाहिले

बाहेरच्या खोलीत, दाराच्या बरोबर समोर, काळ्या चौकटीत १९६६ सालचा एक फोटो लावलेला होता. लग्नानंतर काही दिवसांनी राजवाड्याजवळच्या एका स्टुडिओत काढलेला. मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर कमान आणि कारंजे, पुढे खुर्चीत बसलेले टोपी-कोटातले आजोबा आणि त्यांच्या शेजारी एकवीस वर्षांच्या आजी, उजवा हात खुर्चीच्या पाठीवर, ओठ मिटलेले, नजर थेट कॅमेऱ्यात. आजोबांना जाऊन चार वर्षे झाली आहेत. नातवाने फोटो काढतो म्हटल्यावर आजी स्वतःच म्हणाल्या होत्या, ‘काढ, पण मी तशीच उभी राहीन.’

मी त्या फोटोपुढे उभी असताना आजी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. मी काय बोलले होते ते त्यांच्यापर्यंत पोचलेले होते. त्या रागावलेल्या नव्हत्या. ‘अहो, त्यांच्या खुर्चीवर मी कधी बसले नाही. आता फोटोसाठी बसू होय?’ एवढेच म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या.

खुर्ची खिडकीशी होती. सागवानी, वेताच्या बैठकीची, रोज सकाळी आजोबा जिच्यावर वर्तमानपत्र वाचत ती. तिच्या एका हातावरचे पॉलिश टोकाशी झिजून आतले लाकूड फिकट दिसत होते, पंजाच्या आकाराएवढे. मी ते पाहिले आणि त्याबद्दल काही बोलले नाही. ते मी टिपून ठेवायला हवे होते. त्याची आठवण पुढे येईल.

या भेटीत निर्णयाचा खरा क्षण आला तो नातवाच्या एका प्रश्नाने. जुना फोटो पाहिल्यावर मी मनापासून क्षमा मागितली, तेव्हा त्याने विचारले, ‘म्हणजे फोटो चांगला आहे?’ हो म्हणणे फार सोपे होते. आजी पाणी घेऊन येत होत्या, खोलीतले वातावरण निवळले होते, आणि रिकाम्या खुर्चीचा अर्थ कळल्यावर फोटो मला आधीपेक्षा खरोखरच मोठा वाटत होता. पण त्यातल्या उणिवा त्या अर्थाने नाहीशा झाल्या नव्हत्या. मी म्हणाले, ‘तुम्ही दोघांनी जे ठरवलं ते बरोबर होतं. ते नीट दिसावं म्हणून जे करायचं ते मात्र बरंच राहिलंय. बघायचं का?’ तो लगेच कागद-पेन घेऊन आला. मला वाटते की तो महिनाभर कोणीतरी असे बोलण्याचीच वाट पाहत होता.

कागदाच्या मधोमध उभी रेघ ओढून एका बाजूला त्याने ‘ठरवलेले’ आणि दुसऱ्या बाजूला ‘राहून गेलेले’ असे लिहिले. उभे राहणे, खुर्ची, मिटलेले ओठ, थेट नजर, लुगडे हे पहिल्या बाजूला गेले. दुसऱ्या बाजूला चष्म्यातली खिडकी गेली, भिंतीवरचा विजेचा प्लग गेला, आणि ‘आजी खुज्या दिसतात’ हे आमचे वाक्यही गेले. मात्र ते तसेच लिहिणे मला नको वाटले, म्हणून आम्ही त्याचे कारण शोधले. खोली दहा बाय बारा फुटांची. त्याने १८-५५ ची झूम लेन्स २० मिलिमीटरवर, म्हणजे रुंद दृश्य घेणाऱ्या बाजूला, ठेवून जेमतेम पाच फुटांवरून, स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढला होता, आणि तो आजींपेक्षा चांगला वीतभर उंच आहे. इतक्या जवळून आणि वरून पाहिले की डोके कॅमेऱ्याला जवळ पडते आणि पाय दूर, त्यामुळे डोके मोठे, पाय आखूड आणि खुर्चीचे पाय खाली निमुळते दिसतात. दोष कॅमेऱ्याच्या जागेचा होता आणि आम्ही तो आजींच्या अंगावर टाकला होता. ‘आजी खुज्या दिसतात’ आणि ‘कॅमेरा फार जवळ आणि उंच आहे’ ही दोन्ही वाक्ये एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात, पण पहिल्याने माणूस दुखावतो आणि दुसऱ्याने कॅमेरा कुठे न्यायचा ते कळते.

एक गोष्ट कोणत्या बाजूला लिहायची यावर आम्ही अडलो. खुर्चीच्या पाठीवरच्या आजींच्या हाताची बोटे घट्ट आवळलेली होती, नखांजवळ पांढरी पडली होती, आणि थोडी हललेलीही होती. खुर्चीची गोष्ट कळल्यावर मला त्या आवळलेल्या बोटांत फार मोठा अर्थ दिसू लागला होता आणि मी ‘ठरवलेले’ म्हणणार होते. आजींनीच ते मोडून काढले. ‘छे हो, गुडघा दुखत होता. हा पाऊण तास बटणं फिरवत बसला, मी धरून उभी होते.’ तेव्हा हात ‘राहून गेलेले’ या बाजूला गेला. नको तिथे दोष पाहण्याइतकेच नको तिथे अर्थ पाहणेही चुकीचे असते, आणि दोन्ही चुकांवर उपाय एकच आहे: ज्यांचा फोटो आहे त्यांना विचारणे.

दुसरी बैठक

पुढच्या रविवारी नातू तीच प्रिंट घेऊन आला. मी नियम बदलला. आधी सर्वांनी, चांगले-वाईट न म्हणता, फोटोत काय काय दिसते तेवढेच सांगायचे. मग प्रत्येकाने हवे तर एक प्रश्न विचारायचा, तोही एकाच साच्यात: हे ठरवले होते की राहून गेले? काढणाऱ्याने उत्तर द्यायचे, कैफियत नव्हे, एका वाक्यात. त्यानंतरच अभिप्राय, आणि तो फक्त राहून गेलेल्या गोष्टींवर किंवा ठरवलेले पुरेसे पोचते आहे का यावर.

‘खुर्ची रिकामी ठेवायची हे ठरवलं होतं?’ या प्रश्नावर ‘हो, ती आजोबांची आहे’ असे उत्तर आल्यावर खोलीत काही क्षण कोणी बोलले नाही. मग काका बोलू लागले आणि त्या दिवशीचे सर्वांत मोलाचे बोलणे त्यांचेच होते. त्यांनी ताठपणाची गोष्ट सांगितली. जुन्या काळी काचेच्या प्लेटांवर फोटो निघत तेव्हा काही सेकंद न हलता राहावे लागे, स्टुडिओत मानेमागे लोखंडी आधार लावत. हसू तितका वेळ टिकत नाही म्हणून ओठ मिटलेले असत. लाला दीनदयाळ १८६६ मध्ये नोकरीनिमित्त इंदूरला आले आणि दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या प्रोत्साहनाने फोटोग्राफीत पुढे गेले, तो काळ असा होता. पुढे फिल्म आली, दिवे आले, ताठ राहण्याची गरज संपली, पण फोटोसाठी असेच उभे राहायचे असते ही समजूत राहिली, आणि आपल्या आईवडिलांच्या पिढीसाठी ती समजूत म्हणजे त्या प्रसंगाचा मान होता. ज्यांना आपण ताठ म्हणतो ते आपल्या दृष्टीने सजून, सावध होऊन, जगापुढे उभे राहिलेले असतात.

मॅन रे यांचे फोटो दाखवणाऱ्या सभासदानेच मग सांगितले की तेही ठरवून, मांडूनच काढलेले आहेत, फक्त त्यांतला करार वेगळा आहे. बरोबर आहे. त्याच यशवंतराव होळकरांना चित्रकार बूते द मोंवेल यांनी एकदा पाश्चात्त्य मेजवानीच्या काळ्या पोशाखात आणि एकदा मराठा दरबारी वेषात रंगवले. माणूस एकच, ढब दोन, आणि दोन्ही विचारपूर्वक निवडलेल्या. मोकळे दिसणे ही पोजच्या अनेक तऱ्हांपैकी एक तऱ्हा आहे, तिला नैसर्गिक म्हणून वरच्या पाटावर बसवण्याचे कारण नाही.

अभिप्राय द्यायची वेळ आली तेव्हा वाक्ये आपोआप लांब आणि नेमकी झाली होती. दंतवैद्य सभासद, ज्यांना मागे धावणे पसंत नव्हते, म्हणाले: ‘डाव्या काचेत खिडकी आहे, त्यामुळे तो डोळा दिसत नाही, नजर थेट असावी हे तुम्ही ठरवलं आहे, म्हणून हे मला सगळ्यात आधी दुरुस्त करावंसं वाटेल.’ मी त्यांचे हे वाक्य वहीत उतरवून घेतले. काय दिसते, त्याने काय होते आणि ठरवलेल्याशी त्याचा संबंध काय, हे तिन्ही त्यात आहे. उपायही निघाले. चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित उचलल्या की काचा थोड्या खाली झुकतात आणि खिडकीचे प्रतिबिंब निघून जाते. हनुवटी अर्धा इंच खाली घेतली तरी बराच फरक पडतो. बोटे हललेली दिसण्याचे कारण १/३० सेकंदाचे शटर होते, म्हणजे कॅमेऱ्याची झडप तितका वेळ उघडी राहिली होती. पावसाळी उजेड, आणि फोटोत दाणे (रवाळ ठिपके) येतील या भीतीने आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, ४०० वरच ठेवलेला. तो १६०० केला असता तर शटर १/१२५ पर्यंत नेता आले असते, आणि थोडे दाणे हललेल्या हातापेक्षा केव्हाही परवडले असते. काड्या, शटर, कॅमेऱ्याची उंची, सगळे नातवाने लिहून घेतले. एका सभासदाने शेवटी सुचवले की खुर्ची वीतभर मागे घ्यावी, म्हणजे लुगड्याचा काठ खालपर्यंत सरळ दिसेल. सूचना चांगली वाटली. सर्वांनी मान डोलावली, मीसुद्धा.

पुन्हा काढलेला फोटो आणि परिणाम

अश्विनात आभाळ निवळल्यावर नातवाने फोटो पुन्हा काढला. या वेळी पूर्वतयारी त्याने आजींना न थकवता केली: धाकट्या बहिणीला त्यांच्या जागी उभे करून उजेड, अंतर, उंची सगळे आधी ठरवले, आजी तोवर दुसऱ्या खुर्चीत बसून भाजी निवडत होत्या. खोलीत अंतर मिळत नव्हते म्हणून कॅमेरा दाराबाहेर बोळात नेला, नऊ फुटांवर, लेन्स ३५ मिलिमीटरवर, उंची आजींच्या कमरेएवढी. सकाळचे ऊन थेट येत होते, त्यासाठी कपाटातले एक जुने धोतर दुहेरी करून खिडकीला बांधले. सगळी तयारी झाल्यावर आजी उठून जागेवर आल्या आणि चार मिनिटांत सात फोटो काढून झाले.

फोटो उत्तम आला आहे. दोन्ही डोळे स्वच्छ दिसतात, अंगाचे प्रमाण खरे आहे, हात खुर्चीच्या पाठीवर हलका टेकलेला आहे, लुगड्याचा काठ वरपासून खालपर्यंत एका रेषेत उतरतो. मंडळात तो लावला तेव्हा काकांनी हाताकडे पाहून नुसती मान हलवली, आणि त्यांना ओळखणाऱ्याला ते पुरेसे होते. नातू पुन्हा नियमित येऊ लागला, एवढेच नव्हे तर इतरांना ‘हे ठरवलं होतं का?’ असे विचारण्यात आता तोच पुढे असतो.

आजींनी मात्र भिंतीवर लावण्यासाठी पहिलाच फोटो निवडला. नातवाला ते लागले. त्याने कारण विचारले तेव्हा त्यांनी दोन्ही प्रिंट शेजारी ठेवल्या, नव्या प्रिंटवर खुर्चीच्या हाताच्या टोकाशी बोट टेकवले आणि म्हणाल्या, ‘इथली झीज दिसत नाही.’ खुर्ची वीतभर मागे गेल्यामुळे पदराचे टोक नेमके त्या हातावर आले होते. पहिल्या फोटोत, चष्म्यात खिडकी असलेल्या, खाली निमुळत्या होत जाणाऱ्या त्या फोटोत, पंजाएवढे फिकट लाकूड स्पष्ट दिसते. आजोबांचा हात जिथे असे ती जागा. अकरा जणांनी दोनदा पाहूनही ती कोणाच्या नजरेत भरली नव्हती, आणि मी ती प्रत्यक्ष पाहूनही कागदावर घेतली नव्हती.

तिसऱ्यांदा काढू या, असे नातू म्हणाला. ‘पुरे झालं आता उभं राहणं,’ असे म्हणून आजींनी तो विषय संपवला.

वेगळे काय करता आले असते

गप्प राहण्याचा नियम मी सर्व प्रकारच्या फोटोंना सरसकट लावायला नको होता. आता व्यक्तिचित्र फळीवर लागले की काढणाऱ्याने अभिप्रायाआधी दोन वाक्ये सांगायची असतात: फोटो कोणासाठी काढला आणि समोरच्याने काय मागितले. पाहणाऱ्याची नजर त्यामुळे बांधली जाते असा आक्षेप एका सभासदाने घेतला, आणि तो रास्त आहे. अनोळखी नजरेला काय दिसते हेही कळायला हवे. म्हणून काय दिसते ते सांगण्याची फेरी आम्ही त्या दोन वाक्यांच्या आधी घेतो.

घरी केलेला कागद मी आणि नातवाने मिळून केला, आणि आजी बोलल्या त्या मध्ये मध्ये, येता-जाता. त्यांना समोर बसवून पूर्ण कागद वाचून दाखवला असता, ‘यातलं काही राहिलं का?’ असे विचारले असते, तर खुर्चीच्या हाताची झीज ‘ठरवलेले’ या बाजूला पहिल्याच दिवशी लिहिली गेली असती. समोर उभा राहणारा माणूस करारातला अर्धा भागीदार आहे हे मी बोलत होते, पण दुरुस्त्या ठरवताना त्याला धरले नाही.

दुसऱ्या बैठकीतल्या त्या सूचनेबद्दलही विचार करते. काठ सरळ दिसावा म्हणून खुर्ची मागे घ्या, ही सूचना रचनेच्या दृष्टीने निर्दोष होती, आणि खुर्ची ‘ठरवलेले’ या बाजूला लिहिलेली असूनही आम्ही तिला हात लावला. ठरवलेल्या गोष्टीची जागा, कोन किंवा उजेड बदलणारी कोणतीही सूचना आली तर ती आधी घरी विचारून मगच अमलात आणायची, हे आम्ही त्यानंतर ठरवले आहे. दंतवैद्यांचा आक्षेप आहे की याने काम लांबते. लांबते खरे.

मी पहिल्या दिवशी बोललेले वाक्य परत घेता येत नाही. त्या दिवशी तेच वाक्य प्रश्न म्हणून विचारले असते, ‘खुर्ची रिकामी ठेवली आहे, ती का?’ असे, आणि उत्तरासाठी थांबले असते, तर पुढचा महिना वाचला असता. शब्द जवळपास तेच होते.

पहिला फोटो आता १९६६ च्या फोटोखाली लागला आहे, प्लगसकट. दुसरा मंडळाच्या फाइलमध्ये आहे आणि त्याच्या मागे नातवाने पेन्सिलीने लिहिले आहे: ३५ मिमी, नऊ फूट, १/१२५, खुर्ची एक वीत पुढे हवी होती.